हादऱ्यांचा आकडा

३ फेब्रुवारी

खुर्चीची रुंदी त्रेचाळीस सेंटिमीटर. पुढच्या खुर्चीपर्यंतचं अंतर अठ्ठ्याहत्तर. टेप लावून तीनदा मोजलं. ही दारातून म्हणाली, "आता खुर्चीवर खटला भरणार का?" — मी चाळीस वर्षं दुकानदारांची वजनमापं तपासण्याची नोकरी केली, टोमणाही तिथलाच!

तर झालंय असं. लेकीला एप्रिलच्या शेवटी बाळ होणार. ती राहते तिकडे, विमानाने नऊ तास दहा मिनिटं. जावयाला सुट्टी जेमतेम आठवड्याची. काल फोनवर म्हणाली, "आई, तू येशील ना गं?" हिने फोन माझ्या हातात दिला, आत गेली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली.

ही विमानात बसत नाही. सोळा वर्षांपूर्वी एकदा बसली होती, लेकीला घेऊन भावाकडे जाताना. चाळीस मिनिटं विमान हादरत होतं. उतरली आणि म्हणाली, "पुन्हा नाही." परत आली ती दोन दिवस बसने. मी बरोबर नव्हतो. रजा मिळाली नव्हती.

आणि इकडे माझ्या मागच्या खोलीत गेली सहा वर्षं विमान उभं आहे! उपयोग करायचा तो आताच.

५ फेब्रुवारी

विमान म्हणजे कॉम्प्युटरवरचा खेळ. पण खेळ म्हटलं की माझं डोकं फिरतं. चाक आहे, पायाखाली पेडल आहेत, शेजारी इंजिनाचा दांडा. बाहेर खरा पाऊस असेल तर पडद्यावरही पाऊस. नऊ तासांचा प्रवास नऊ तासांतच करायचा. मध्ये घड्याळ पळवायची सोय आहे, मी ती वापरत नाही. आणि P दाबायचं नाही. P दाबलं की विमान हवेत जागच्या जागी थांबतं, मग माणूस आंघोळ करून येऊ शकतो. असल्या विमानाला काय अर्थ? सहा वर्षांत एकदाही दाबलेलं नाही. कोणी बघत नसतं, तरी नाही.

लेक लहानपणी मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळायची. वळण आलं की अख्खी पोर कलंडायची, एकदा तर खुर्चीवरून खाली! तेव्हा मी हसलो होतो. आता उतरताना माझेच पाय फरशीत रुततात.

एक गोष्ट लिहूनच टाकतो, इथे कोण वाचणार आहे. लेकीच्या शहरात मी एक्केचाळीस वेळा उतरलोय. खऱ्या विमानात एकदाही बसलेलो नाही. नोकरीत सगळी फिरती जीपने. कधी योग आला नाही.

९ फेब्रुवारी

पान्या आला. खालच्या मजल्यावर राहतो. आयुष्यभर विमानांची दुरुस्ती केली, निवृत्त झाला तरी खिशात पाना असतो, म्हणून पान्या. त्याने एका जाड फळीवर दोन खुर्च्या पक्क्या केल्या आणि खाली हादरे देणारी मोटर बसवली. खेळातलं विमान हललं की फळी हलणार. किती, ते पडद्यावरच्या आकड्यावर. शून्य ते शंभर.

जाताना नटांवर आणि फळीवर मिळून पांढऱ्या रंगाची एकेक बारीक रेघ मारून गेला. म्हणाला, "विमानाच्या नटांवर पण मारतो आम्ही. नट फिरला की रेघ तुटते. मग कोणी काही सांगायला लागत नाही."

हिच्या खुर्चीच्या डाव्या हाताला जुना छोटा पडदा लावला. त्यात फक्त पंख दिसतो. ती खिडकी.

१२ फेब्रुवारी

बसली! एक तास. पट्टा बांधला, लोकरीचा गुंडा मांडीवर, डोळे घट्ट मिटलेले. विमान उठताना माझा दंड असा धरला की वळ उठले. मी हादऱ्यांचा आकडा शून्यावर ठेवला होता. पहिल्याच दिवशी कशाला? सवय होऊ दे, मग हळूहळू वाढवू.

उतरल्यावर म्हणाली, "एवढंच?"

२० फेब्रुवारी

तीन तास. शून्य.

१ मार्च

पाच तास. मध्ये मीच उठून कागदी पेल्यात चहा आणून दिला, कमरेत वाकून विचारलं, "बाई, साखर?" खूप हसली. लेकीला फोनवर सांगत होती, "तुझे बाबा विमानही चालवतात आणि चहाही देतात, एवढे कष्ट संसारात केले असते तर!" लेक पलीकडून ओरडली, "आई, म्हणजे तू येतेयस?" ही म्हणाली, "बघू." पण आवाज 'बघू'चा नव्हता.

आकडा अजून शून्यच. वाढवायचं मनात येतं, हात जात नाही. आज खाली वादळी ढग होते आणि आमचं विमान त्यातून असं गेलं जसं काही कपाटात ठेवलंय.

७ मार्च

तिकिटं काढली. दोन. ८ एप्रिल, संध्याकाळचं विमान. हिने स्वतः "हो" म्हटलं. मी खुशीत दोनदा दाढी केली!

१० मार्च

पूर्ण प्रवास. नऊ तास दहा मिनिटं. पाठीचे तुकडे. बाळाचं एक टोपडं विणून झालं, दुसऱ्याची कड सुरू.

मध्येच म्हणाली, "इथे सगळं आहे हो. पण माणसांची तोंडं नाहीत." मला कळेना. मग सांगितलं, सोळा वर्षांपूर्वी भीती खिडकीतून आत आलीच नव्हती. पुढच्या रांगेतल्या एका बाईने वळून मागे बघितलं. तिचं तोंड बघितलं आणि हिने लेकीला घट्ट धरलं.

यावर मी खूप विचार केला. सहा वर्षं ढग खरे, दिवे खरे, धावपट्टीवरच्या टायरच्या खुणासुद्धा खऱ्या असाव्यात म्हणून जीव टाकला. घाबरलेलं तोंड कुठून आणायचं?

१४ मार्च

पान्या नट तपासायला आला. फळीखाली पाठीवर आडवा झाला, बॅटरी मारली. मग तिथूनच —

"रेघा जशाच्या तशा आहेत रे."

"मग चांगलंच की."

"चांगलं कसलं? मोटरवाला नट आठवड्यात रेघ सोडतो. ही फळी कधी हललेलीच नाही." बाहेर आला, हात पुसले. "वहिनींना सांगितलंस?"

सांगितलं नाही म्हटल्यावर चिडला. म्हणाला, "ते गोळीबाराचे खेळ बघ. मेलेला माणूस पाच सेकंदांत उठून परत धावतो. त्याला कोणी फसवणूक म्हणत नाही, सगळ्यांना माहीत असतं. तू वहिनींना खरं म्हणून खोटं दाखवतोयस. वर गेल्यावर पहिल्या धक्क्याला त्या काय समजतील? की काहीतरी बिघडलं!"

आयुष्यभर दुसऱ्यांचे तराजू तपासले आणि घरात बायकोला काटा मारला. लाज वाटली. अजूनही वाटतेय.

१५ मार्च

सांगायचं होतं. भाजी आणायला गेलो, तिथेच रेंगाळलो. नाही सांगितलं.

१६ मार्च

सांगितलं. ती मटार सोलत होती. मी समोर उभा राहून, जबानी दिल्यासारखं सगळं. आकडा पहिल्या दिवसापासून शून्य आहे. फळी हललेली नाही. तू ज्यात बसलीस ते विमान नव्हतंच.

वर न बघता म्हणाली, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"सोळा वर्षांपूर्वी मी हादरले होते, तुम्ही नाही. मला कळणार नाही होय?"

"मग बसत का होतीस?"

"नऊ तास सलग माझ्या शेजारी तुम्ही यापूर्वी कधी बसला होतात? आठवून सांगा."

मी एक शेंग उचलून सोलायला घेतली. मग म्हणाली, "आता उद्यापासून खरं लावा. मला जायचंय. माझी पोर तिकडे एकटी आहे." एवढं बोलून डोळ्यांत पाणी. माझ्याही. मटाराच्या टोपलीवरून दोघंही एकमेकांकडे बघत बसलो.

१७ मार्च

आकडा साठ. फळी दणदणली, पेला खाली. ही पांढरी पडली, पण डोळे उघडे. टाके मोजत होती — मोठ्याने. एकशे चाळीसपर्यंत.

१९ मार्च

आकडा शंभर. दोन मिनिटांत मी P दाबलं.

सहा वर्षांत पहिल्यांदा. बोट आपोआप गेलं. विमान हवेत जागच्या जागी, सगळं शांत. मी म्हटलं, "तुला त्रास होत होता ना."

ती म्हणाली, "मला? मी ठीक होते." आणि जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली.

२४ मार्च

शंभरावर चाळीस मिनिटं. हिनेच घड्याळ लावलं, सोळा वर्षांपूर्वी हादरली होती तेवढ्याच वेळाचं. शेवटी पट्टा सोडला आणि म्हणाली, "झालं. एवढंच होतं ते." मग टोपडं पुरं केलं. पिवळं.

मी आता चाकाकडे बघतो, पडद्याकडे नाही. तळहात फार ओले होतात. चाकाला फडकं गुंडाळलं.

३० मार्च

पान्या म्हणतो, तो नोकरीला होता त्या विमान शिकवणाऱ्या शाळेत छोटं विमान आहे, शिकाऊ लोकांना फिरवतात. "चल, वीस मिनिटं वर जाऊन येऊ. एकदा खरं बघ तरी." याआधीही दोनदा म्हणाला होता. एकदा माझा दात दुखत होता. एकदा पाहुणे होते.

या वेळी म्हटलं, बॅगा भरायच्यात.

२ एप्रिल

जुनी कागदपत्रं आवरताना नोकरीची रजावही सापडली. ही विमानाने गेली त्या वर्षी माझी एकवीस दिवस रजा शिल्लक होती. अर्ज टाकलेलाच नाही. मी इतकी वर्षं सांगत आलो की मिळाली नाही. स्वतःलाही तेच सांगत होतो.

वही परत खाली ठेवली, सगळ्यांत खाली.

७ एप्रिल

उद्या. मोठी बॅग एकच केली, हिच्या नावावर. माझी हातातली निळी पिशवी — औषधं, चष्मा, ही रोजनिशी नको, ती इथेच.

हिला सगळं पुन्हा समजावलं: कान बंद होतील, गिळायचं. पंख हलतो, तो हलण्यासाठीच केलेला असतो. हादरे सुरू झाले की टाके मोजायचे. तिने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "आणि तुम्ही काय मोजणार?"

हसण्यावारी नेलं.

८ एप्रिल

ही गेली. मी घरी आहे.

विमानापर्यंत जाणाऱ्या त्या बंद बोळात सगळं ठीक होतं. मी पुढे, ही मागे. बोळ संपतो तिथे विमानाचं दार. बोळ आणि विमान यांच्यामध्ये फट आहे. चार सेंटिमीटर, फार तर साडेचार. खाली डांबर दिसतं. ही फट माझ्या खेळात नाही.

पाय उचलेना. दारातली मुलगी "या" म्हणाली. मागे लोक साचले. मी वळून बघितलं, तर मागच्या माणसाने माझं तोंड बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. मला P कुठे दिसेना.

हिने काही विचारलं नाही. बहुतेक १९ मार्चपासून तिला माहीत होतं. माझ्या हातातली निळी पिशवी घेतली, माझ्या दंडावर हात ठेवला, म्हणाली, "घरी जाऊन बसा. मी पोचल्यावर फोन करते." आणि ती फट ओलांडून एकटी आत गेली. वळून बघितलं नाही. बरं केलं.

घरी आलो तो तडक मागच्या खोलीत. तिचं विमान तोवर वर गेलं होतं, त्याच्या मागोमाग मीही सोडलं. तेच आकाश, तेच ढग. आकडा लावला नाही.

९ एप्रिल

फोन आला. लेक आधी रडली, मग ओरडली, मग आईकडे दिला.

"खूप हललं हो. आपल्या शंभरापेक्षा जास्त. तुमची खुर्ची रिकामी होती, म्हणून निळी पिशवी तिथे ठेवली आणि तिला पट्टा बांधला. तिलाही टाके मोजून दाखवले."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐका. बाळ महिन्याचं होईल तेव्हा तुम्ही यायचं. तोवर रोज बसा. खिडकीकडे बघून. आणि शून्यावर नाही."

फोन ठेवला. पेचकस घेतला आणि कीबोर्डवरची P ची कळ उचकटून काढली. ती आता माझ्या खिशात आहे. शेजारच्या खुर्चीला पट्टा बांधला. आकडा शंभर केला.