बांधावर आलेला मालक

श्री
आसगाव, २२ जुलै १९७९

चि. तुलाराम यास,
चंद्रकलाबाईचे अनेक आशीर्वाद.

अत्यंत गंभीर मनाने कळवते की, जूनमध्ये जाताना तू माझी लाकडी मुठीची छत्री घेऊन गेलास आणि तुझी ठेवून गेलास. तुझी छत्री उघडताच कोंबडीसारखी पंख पाडते. त्यामुळे या शाळेची बावीस वर्षं जुनी शिक्षिका शकुनबाईकडून उसना घेतलेला पळसपानांचा मोरा इरल्यासारखा पाठीवर बांधून वर्गात येते. पोरं म्हणतात, बाई कासव झाल्या. मुख्याध्यापकांना पाठ फिरवूनही हसू आवरत नाही. पुण्यात माझी छत्री मजेत असेलच.

आता कामाचं. आपले पुंडलिकमामा भाताच्या गिरणीत जेवढं भरडतात त्याहून जास्त बोलतात, हे तुला माहीत आहे. यंदा ते गिरणीवाल्यांच्या संघाचे अध्यक्ष झालेत. संघानं भंडाऱ्याला सभागृह बांधलंय, जानेवारीत उद्घाटन. त्यासाठी भाच्यानं वीस मिनिटांची वाद्यवृंदाची रचना करावी, वादक नागपूरहून आणावेत, खर्च संघाचा, असं त्यांचं म्हणणं. मी विचारलं, कशाबद्दल रचायचं? म्हणाले, वजनदार पायजे, बाकी त्याले समजते.

तू रेडिओसाठी रचलंस, नृत्यवाल्यांसाठी रचलंस, युरियाच्या माहितीपटालाही सतारी-व्हायोलिनांनी न्हाऊ घातलंस. पण तुझं एकही काम या जिल्ह्यात कुणी ऐकलेलं नाही. इथं अजून लोक विचारतात, भाऊ कोणत्या बँडपार्टीत आहे? तेव्हा आढेवेढे घेऊ नकोस.

छत्रीसह माया पाठव, नुसती माया नको.
चंद्रकलाबाई

*

श्री
पुणे, ९ ऑगस्ट १९७९

ती. बाईस,
तुलारामचा साष्टांग नमस्कार.

छत्रीचा गुन्हा कबूल. मुठीवरचं तुझं नाव मी काल पाहिलं. तोवर पुण्याचा पाऊस मला फार सोसतो याचाच अभिमान वाटत होता.

मामांचं काम घेतलं. विषयही ठरला: भाताचा रोवणा. आठवतं का, शेवटच्या बांधीत बाया चिखलात ओणव्या असायच्या, गाणं रंगात यायचं, आणि बाबा बांधावर येऊन उभे राहिले की सगळ्याजणी गाणं मध्येच तोडायच्या. हातातली रोपं, ते पऱ्हे, हातातच. मालकानं काही कबूल केल्याशिवाय शेवटचं कडवं म्हणायचं नाही. एका साली बाबा काहीच बोलेनात, तर शकुनबाईनं त्यांना भर उन्हात उभं ठेवलं होतं. शेवटी गुळाची भेली कबूल झाली, तेव्हा कुठे गाणं पुरं झालं. मी तेव्हा पेंढ्या वाहत होतो. संगीतात थांबणं किती जोरकस असतं, ते मला तिथं कळलं. नंतर शिकलो ते वाजवणं.

तेव्हा असं योजलंय: वादक गाणं वाढवत नेतील, मध्येच तोडतील, आणि शेवटचं कडवं शकुनबाई आणि तिच्या रोवण्यातल्या सोबतिणी रुखमा, धुरपता स्टेजवर येऊन म्हणतील. त्यांच्याशिवाय हे काम अर्धवट आहे. तू त्यांना विचार. शकुनबाईला माझा नमस्कार सांग आणि मोऱ्याबद्दल माफी माग.

रागावलीस तरी आठवण ठेव.
तुझा तुलाराम

*

॥ श्री ॥
पवनी, १४ नोव्हेंबर १९७९

चि. चंद्रकला हिस,
पुंडलिकमामाचे आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. मामीचा गुडघा दुखून राहिला, बाकी आनंद.

तुलारामनं नागपूरले तालीम घेतली, मी स्वतः जाऊन ऐकली. वाजवतात छान, सगळे कोटवाले आहेत. पण दोन गोष्टी मले पसंत नाहीत. एक, शेतातल्या बायांना स्टेजवर कायले? पाहुणे नागपूर-मुंबईचे, सभागृह नवीन, फरशी घोटलेली. त्यांना पाहायचं असेल तर मागे सतरंजी टाकून देतो, माझी ना नाही. दुसरं, गाणं मध्येच बंद पडते. वादक आपण बोलावले ते वाजवायले. गप्प बसायले तर आपली गिरणीतली माणसं पण बसतात. तुलाराम माझ्यासंग हुज्जत घालते म्हणून तुले लिहिलं. तू मोठी आहेस, समजावून सांग. नाही ऐकलं तर मी फिल्मी गाण्यांची पार्टी ठरवून टाकतो, लोक खूश होतील.

मामाचा मान राहील असं करावं.
पुंडलिकराव

*

श्री
आसगाव, १९ नोव्हेंबर १९७९

चि. तुलाराम यास,
आशीर्वाद.

मामांचं पत्र सोबत जोडलंय. मोठी म्हणून मी तुला समजवावं, असा हुकूम आहे. तर समजावते: ऐकू नकोस.

शकुनबाईला मी सांगितलं, तर ती तांदूळ पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली की मामांच्या गिरणीत तिनं रोवलेलाच भात जातो, तो फरशीवरून नेतात की डोक्यावरून? मग म्हणाली, जाऊ द्या बाई, तुलारामचं काम बिघडवू नका. तिनं सोडून दिलं, हेच मला सोसलं नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

तुला भीती वाटत असेल की मामा काम रद्द करतील आणि आपल्या मातीत तुझा एकही सूर वाजणार नाही. ती भीती खरी आहे. पण बायांना वगळून गोड शेवट लिहिलास, तर माझ्या छत्रीचं तोंड मला पुन्हा दाखवू नकोस.

कठोर तरी तुझीच,
चंद्रकलाबाई

*

श्री
पुणे, २ डिसेंबर १९७९

ती. बाईस,
सा. नमस्कार.

मामांना मी लिहिलं की बाया स्टेजवर नसतील. ते खूश आहेत. थांबणं मात्र राहील, ते काढलं तर मी येणार नाही. आणि पाहुण्यांच्या पत्रिका छापून झाल्यात, म्हणून तेवढं त्यांनी गिळलं.

बायांच्या कडव्याच्या जागी मी काहीच लिहिलेलं नाही. एकही सूर नाही. गाणं तुटेल, मी हात वर धरून उभा राहीन, आणि ते कडवं आल्याशिवाय हात खाली येणार नाहीत. कसं येईल मला माहीत नाही. नाही आलं, तर कार्यक्रम तिथंच संपेल आणि भंडाऱ्याला कळेल की काहीतरी राहिलं. तू फक्त त्या तिघींना सतरंजीवर आणून बसव.

भीती वाटते, पण चांगली वाटते.
तुलाराम

*

श्री
आसगाव, २९ जानेवारी १९८०

चि. तुलाराम यास,
आशीर्वाद.

तू रात्रीच्याच गाडीनं गेलास, आणि वादकांकडून वाजवून घेताना तुझी पाठ आमच्याकडे होती. तेव्हा तुला न दिसलेलं लिहिते.

गाणं तुटलं. तुझे हात वर. पुढच्या खुर्च्यांतले गिरणीवाले आधी एकमेकांकडे पाहू लागले, मग टाळ्या वाजवू लागले. तू हलेनास. टाळ्या लाजून थांबल्या. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. तेव्हा मामा हार घेऊन उठले, घाईघाईनं स्टेजच्या पायरीजवळ गेले आणि तिथं अडकले, कारण हात वर धरलेल्या माणसाच्या गळ्यात हार घालायचा कसा? एका हातात हार, दुसरा हात कमरेवर, धोतर जरा वर खोचलेलं. तुलाराम, हुबेहूब बांधावर आलेला मालक.

मागून शकुनबाई मोठ्यानं म्हणाली, "पाहा वं, मालक आला."

सतरंजीवरच्या बाया हसल्या. खुर्च्यांतलेही कित्येकजण हसले, शेवटी शेतातूनच आलेली माणसं ती. मामांनी वळून पाहिलं. रागावले होते, पण सगळं सभागृह आता त्यांच्या तोंडाकडे पाहत होतं, आणि ही रीत त्यांनाही ठाऊक होती. घोगऱ्या आवाजात त्यांनी विचारलं, "काय पायजे तुमाले?"

"काई नाई जी," शकुनबाई म्हणाली. "कडवं वरतं येऊन मनतो."

मामांनी वर खोचलेलं धोतर खाली सोडलं. मग ते पायरीवरून बाजूला झाले.

तिघी खुर्च्यांमधून गेल्या. धुरपतानं फरशीवर चढताना चप्पल काढली. शकुनबाईनं नाही काढली. पुढचं तू ऐकलंस. ते कडवं मी लहानपणापासून ऐकते, पण ते संपल्यावर व्हायोलिनं उठली तेव्हा माझा पदर डोळ्यांना गेला, हे कुणाला सांगू नकोस.

आता मामा पवनीभर सांगून राहिले की गाणं मध्ये थांबवायची कल्पना त्यांचीच होती. सांगू दे. पुढच्या वर्षी पुन्हा रचून मागतायत, बायांसकट. या खेपेला तू त्यांना उन्हात उभं ठेव.

असाच हट्टी राहा, एवढंच मागणं.
चंद्रकलाबाई

ता. क. माझी छत्री तू सभागृहात आठवणीनं परत दिलीस. शकुनबाईचा मोरा माझ्याकडे फाटला होता, तिनं कधी मागितला नाही. काल ती शेतावर असताना तिच्या ओसरीच्या खुंटीला छत्री अडकवून आले. मुठीवरचं माझं नाव आधी खरवडून टाकलं.