घरातलं एक माणूस

पंचवटी, नाशिक
९ फेब्रुवारी २०२५

ती. आबांस,
उज्वलाचा सविनय जयभीम, वि. वि.

आठ दिवसांसाठी म्हणून मालेगावला आत्याबाईंकडे गेलात, त्याला महिना होत आला. त्यांच्या सुनेच्या, रोहिणीच्या फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही. काही विचारलं की सगळं बरं आहे म्हणता आणि फोन तिच्याकडे देता. म्हणून पत्र लिहिते.

ह्यांची कंपनी बंद पडली ती पडलीच, नवं काम अजून नाही. पण त्या रविवारी सगळ्यांनी बसून ठरवलं तसं घर चाललं आहे. निकिता रिक्षा सोडून मैत्रिणींबरोबर पायी कॉलेजला जाते. मी बाजारात दिवे लागल्यावर जाते, तेव्हा उरलेल्या जुड्या स्वस्त मिळतात. डाळ दुपारीच भिजत घालते, गॅस कमी लागतो. ह्यांनी पुडी सोडली. कंपनी बंद पडून तेवढं एक भलं झालं, असं मी म्हटलं तर दिवसभर रुसून बसले.

तुम्ही नाहीत तर मीठ कमी पडलं की जास्त, हे सांगणारं कोणी नाही. लवकर या. आत्याबाईंना माझा जयभीम सांगा.

तुमची सून,
उज्वला


मालेगाव
१७ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. उज्वलास,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, मग लताला वाचून दाखवलं. माझी बहीण लय खूश झाली. भावाला एवढं जीव लावून लिहिणारी सून आहे, असं गल्लीत सांगत फिरते.

मी मजेत आहे. इथं एका साडीवाल्याच्या गोदामात दुपारपर्यंत जाऊन बसतो. साड्यांच्या घड्या घालायच्या, गप्पा मारायच्या. जन्मभर देवळाली कॅम्पात जवानांचे गणवेश शिवले, रिकामे हात मला चैन पडू देत नाहीत. त्याला काम म्हणू नको. योगेशला तर अजिबात सांगू नको, उगाच तोंड पाडून बसेल.

निकिताला पायी चालायला लावता ते ठीक, पण तिचं दूध तोडू नका. माझी नात शिकणारी पोर आहे. माझा दुधाचा वाटा तिला देत जा. मी काय इथं उपाशी नाय.

सगळ्यांनी एकमेकांना धरून राहा. लोभ आहेच, तो असाच राहो.

तुझा सासरा,
आबा


पंचवटी, नाशिक
२ एप्रिल २०२५

ती. आबांस,
सविनय जयभीम, वि. वि.

गोड बातमी आहे. ह्यांना सिन्नरच्या एका कारखान्यात काम लागलं. पगार पहिल्यापेक्षा कमी आहे, पण महिन्याच्या महिन्याला मिळणार. काल पहिल्यांदा दोन पिशव्या दूध आणलं, तर निकिता विचारते, आबा आले का?

आता तिकडं राहण्याचं काही कारण उरलं नाही. चौदा एप्रिलला जयंती आहे. तुमच्याशिवाय कॉलनीतल्या मिरवणुकीत आमच्या घरचं कोण पुढे चालणार? हे म्हणाले, मी न्यायला येतो. मी म्हटलं, रजा मागू नका, नवी नोकरी आहे, आबा काय लहान आहेत? तेव्हा तुम्ही बसनं या. तुमची खाट झाडून ठेवली आहे.

एक विचारू? तुम्ही आमच्यावर रागावून तर गेला नाहीत ना? मला रात्रंदिवस तेच वाटत राहतं.

तुमची,
उज्वला


मालेगाव
८ एप्रिल २०२५

चि. सौ. उज्वलास,
अनेक आशीर्वाद.

योगेशच्या कामाचं वाचून छातीवरचा दगड उतरला. लतानं साखर वाटली.

राग कसला, वेडे? तू माझ्या ताटात कधी शिळं वाढलं नाहीस. माणूस रागावतो तो परक्यावर.

जयंतीला जमणार नाही. गोदामात लग्नसराईचा माल आला आहे, शेठनं महिनाअखेरपर्यंत थांबा म्हटलं. आणि योगेशचा एक तरी पगार हातात पडू दे. नव्या नोकरीचं काही सांगता येत नाही. मे महिन्यात नक्की येतो. निकिताच्या सुट्टीत तिला मशीनवर काज करायला शिकवीन.

तब्येतीला जप. तुझी माया आहे तशीच असू दे.

आबा


मालेगाव
६ मे २०२५

सौ. उज्वलावहिनींस,
रोहिणीचा सप्रेम जयभीम.

मामांना पोचवून तुम्ही सगळे परत गेलात, त्या दिवशी तुमच्याशी धड बोलता आलं नाही. योगेशदादा सारखे विचारत होते आणि आम्ही कोणीच नीट उत्तर दिलं नाही. सासूबाई म्हणाल्या, लिहून कळव, नाहीतर ती पोरगी स्वतःला दोष देत बसेल.

मामा दुपारपर्यंत नाही, दिवे लागेपर्यंत गोदामात असायचे. आम्ही किती वेळा अडवलं. ऊन वाढल्यावर तर सासूबाईंनी त्यांच्या चपला लपवल्या, तर अनवाणी निघाले. त्या दिवशी भर दुपारी जेवायला घरी येत होते. गल्लीच्या तोंडाशी छातीला हात लावून बसले ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, त्रास बरेच दिवस असणार. आम्हाला एका शब्दानं बोलले नव्हते.

आले तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, दादा, सुनेशी भांडण झालं का? तेव्हा मामा हसले. म्हणाले, "नाय गं. सगळ्यांनी एकेक गोष्ट सोडली. पेपर, चहा, फोन, माझं सगळं आधीच सोडून झालं होतं. मग मी घर सोडलं."

वहिनी, ते तुमच्यावर रागावले नव्हते. एवढंच सांगायचं होतं. आमच्यावर राग धरू नका.

तुमची,
रोहिणी


पंचवटी, नाशिक
१५ जून २०२५

चि. सौ. रोहिणीस,
जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा हे कामावर होते. ते यायच्या आत मी रडून घेतलं, मग त्यांच्या हातात दिलं. वाचून त्यांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, "त्या रविवारी मी सगळ्यांना विचारलं, कोण काय सोडणार. आबांना विचारायलाच नको होतं." विचारताना मीही तिथंच बसले होते. आबा काही न बोलता हसले, तेव्हा आम्हाला वाटलं, त्यांना ऐकू आलं नाही.

निकिताला आम्ही सांगितलं नव्हतं. तिनं पत्र स्वतःच काढून वाचलं. दोन दिवस दुधाला शिवली नाही. मग तिला जवळ घेऊन मीच दुधाचा पेला तिच्या तोंडाला लावला.

या महिन्यात घरखर्च भागून पैसे उरले. वर्षात पहिल्यांदा. ह्यांनी ते आणून माझ्यापुढे ठेवले आणि दोघंही तिथून उठून गेलो. कोणालाच ते उचलून ठेवावेसे वाटेनात.

म्हणून तुला लिहिते आहे. आत्याबाईंना इकडे पाठव. चार दिवसांसाठी नको, राहायला पाठव. त्या म्हणतील, तुमच्यावर भार कशाला. तर त्यांना सांग, उज्वलाचा जीव जेवायला वाढताना घाबरा होतो, तिच्या घरात खाणारं माणूस कमी पडतं आहे.

त्यांना घेऊन तूही ये. आपला जिव्हाळा तुटू देऊ नकोस.

तुझी,
उज्वलावहिनी