‘मान्य आहे’चं बटण

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि भाऊजींचा पथ्याच्या जेवणावरचा राग निवळला का, ते कळव. पत्रानेच कळव, असं मी मागच्या महिन्यापर्यंत छाती पुढे काढून म्हटलं असतं. आता कसंही कळव.

आपल्या घरच्या ग्रुपचं ॲप चालवणाऱ्या त्या बड्या कंपनीचा नवा करार फोनवर आला, तिथून सगळं सुरू झालं. सारं जग ‘मान्य आहे’ दाबतं आणि आपल्या कामाला लागतं. पण मी पडलो मुद्रितशोधक. (आमच्या छापखान्यात औषधाच्या खोक्यावरचा मजकूरही मी शेवटच्या टिंबापर्यंत वाचतो. त्यावरच तर पोट चालतं.) मी करार छापून घेतला आणि लाल पेनाने तपासला. आपले फोटो, आपलं फिरणं, आपण कोणाशी किती वेळ बोलतो, सगळ्यावर त्यांचा डोळा, आणि वर म्हणे ‘आपल्या सोयीसाठी’. मी समासात ‘कोणाच्या?’ असं लिहिलं आणि ते बाड कंपनीला रजिस्टर टपालाने धाडलं. आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे, असं एका यंत्राने कळवलं. मग माझं डोकं फिरलं. खातं बंद केलं, आणि बंद करण्यापूर्वी आपल्या घरच्या ग्रुपवर ते लांबलचक भाषण टाकलं, ज्यात मी तुम्हा सगळ्यांना मेंढरं म्हटलं. (त्यावर भाऊजींनी अंगठा टाकला. ती शाबासकी होती की निरोप, ते अजून कळलेलं नाही.)

मग काही सज्जनांनी फुकट बनवलेलं ॲप घेतलं. ते कोणावर नजर ठेवत नाही, कारण तिथे नजर ठेवायला कोणी नाहीच. एक मी, आणि माझ्या हट्टापायी शेजारच्या खोलीतून बोलणारी तुझी भावजय. तेही आवाज आधी यायचा आणि तोंड मागाहून हलायचं. छापखान्यातली प्रुफं मात्र कंपनीच्याच ॲपवर येतात, म्हणून मी रोज मशीनमनच्या फोनात डोकं खुपसून ती वाचतो. तो बिचारा तोवर जेवणाची सुट्टी फोनाविना काढतो.

पण ताई, खरं दुखणं निराळंच आहे. अण्णांना आता ऐकू येत नाही, समोरच्याचे ओठ बघून ते बोलणं समजून घेतात, हे मला ठाऊक होतं. तरी मी ऐटीत म्हणालो की रविवारच्या व्हिडिओ कॉलऐवजी साधा फोन करत जाईन. केला. मी इकडून बेंबीच्या देठापासून ओरडतो, ते तिकडून ‘कोण आहे?’ असं विचारत राहतात आणि राँग नंबर म्हणून ठेवून देतात. रविवारी मात्र, तू लिहिलंस तसं, दाढी करून फोन पुढ्यात उभा करून बसतात, आणि जेवायला हाक मारली तर ‘थांब, त्याचा यायचा असेल’ म्हणतात. ते वाचून मला माझीच लाज वाटली. कंपनीचा केसही वाकडा झाला नाही. भांडलो तिच्याशी आणि शिक्षा झाली अण्णांना. फार वाईट वाटतं गं.

कंपनी लबाड आहे, हे माझं मत अजून कायम आहे. भाऊजींना तेवढं सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. नवं खातं उघडलं आहे. ग्रुपची किल्ली तुझ्याकडे, तेव्हा मला गुपचूप आत घे आणि ते भाषण सापडलं तर पुसून टाक. (त्यात ‘मेंढरं’वरचा एक अनुस्वार राहिला होता. तो सल वेगळाच.)

ता. ता. क. तुझ्या भावजयीने जुनं ॲप काढलंच नव्हतं, हे काल कळलं. तिच्याच फोनवरून अण्णांना पाहिलं. थकलेत. राहवेना, म्हणून एकेक शब्द सावकाश उच्चारत विचारलं, त्या अटी तुम्ही ‘मान्य आहे’ दाबण्यापूर्वी वाचल्या होत्या का. म्हणाले, “ताई म्हणाली, यात तू दिसशील. पुढचं कशाला वाचू?”