सदतीस बाइट कमी

परभणी,
१८ नोव्हेंबर १९९३

कोकिळाताईंना वैजीनाथचा नमस्कार.

घरी सगळे बरे असतील. इकडं थंडी पडायलीय. परवा तुम्हाला जिंतूरची गाडी मिळाली का, ते कळवा.

चांगली बातमी आधी. तुमची फाइल उघडली! येलदरी धरणाच्या पाण्याच्या पंचवीस वर्षांच्या नोंदी, तुम्ही तीन वर्षं बसून भरलेल्या, आमच्या मोठ्या युनिक्स मशीनवर एकूण एक आल्या. आमच्या दत्तराव साहेबांनी एका अख्ख्या पावसाळ्याच्या नोंदी जुन्या रजिस्टरशी ताडून पाहिल्या. चूक सापडली नाही.

ताई, तुमच्यासारखं माणूस मी पाहिलं नाही. जागा कमी लागावी म्हणून आवळलेली ती चोवीस लाख बाइटची फाइल दोन फ्लॉप्यांवर घालायची, धूळ लागू नये म्हणून स्टीलच्या डब्यात ठेवायची अन् एस.टी.नं घेऊन यायचं. मी पाऊण तास केबलमधून ती मोठ्या मशीनला पाठवायचो, ती उघडायची नाही, अन् मी म्हणायचो, फ्लॉपी खराब. असं तीनदा झालं. दुसऱ्या कुणी त्या माझ्या तोंडावर फेकल्या असत्या. तुम्ही मुकाट्यानं नव्या करून आणल्या.

चौथ्या खेपेला तुम्ही विचारलं, तुमच्याकडं किती बाइट उतरले? मला हसू आलं. औरंगाबादेत संगणकाचा कोर्स केलेला माणूस मी! तुम्ही दोन्ही आकडे कागदावर मांडले. सदतीस कमी.

"भाऊ, माहेरून ज्वारी आली तरी आमी तिथं मापतो अन् हितं बी मापतो," तुम्ही म्हणालात. "माझ्याकडून पुरी निघाली. पोतं तुमच्या वाटंत फाटलंय."

तुम्ही गेल्यावर मी पुस्तक उघडलं. तुमच्या डॉसच्या मशीनवर ओळ संपली की दोन खुणा असतात, आमच्याकडं एकच. मी फाइल साध्या मजकुरासारखी पाठवत होतो, म्हणून जिथं तशी जोडी दिसेल तिथली एक खूण वाटेत गळत होती. आवळलेल्या फाइलीत ओळी कसल्या? तिथं प्रत्येक बाइट कामाचा. पाठवण्याची पद्धत बदलली अन् फाइल पहिल्या झटक्यात उघडली. चार महिने चूक माझीच होती.

इथवर लिहिलं अन् हात थांबला. पण आता लिहितोच.

तिसऱ्या खेपेनंतर साहेबांनी लेखी कारण मागितलं होतं. मी लिहून दिलं की ऑपरेटरचं काम सदोष आहे. तीस तारखेला संपणारी तुमची नेमणूक पुढं चालवू नये, असं त्याच कागदावरून ठरलं होतं. परवा तुम्ही समोर बसून आकडे मांडत होतात, तेव्हा त्या कागदाची नक्कल माझ्या टेबलावर पालथी पडली होती. अन् फाइल उघडल्यावर मी साहेबांना काय सांगितलं? मी दुरुस्त केली. त्यांनी पाठ थोपटली. मला लय लाज वाटली, तरी तुमचं नाव सांगितलं नाही.

आज सकाळी साहेबांना खरं ते लिहून दिलं: काम निर्दोष, चूक माझी, अन् ती शोधली कोकिळाताईंनी. साहेबांनी दोनदा वाचलं. जुना कागद रद्द केला, तुमची नेमणूक चालू ठेवण्याची शिफारस स्वतःच्या हातानं लिहिली. माझं काय करायचं ते सोमवारी ठरेल. माझा आजचा कागद अन् साहेबांची शिफारस, दोन्हींच्या नकला सोबत जोडल्यात. कचेरीची प्रत पोस्टानं येईल, पण तिच्यावर भरवसा ठेवू नका, त्या घेऊन स्वतः जिंतूरच्या कचेरीत जा.

माफ करा म्हणायचं धाडस होत नाही.

तुमचा अपराधी,
वैजीनाथ