ये, बस

२ फेब्रुवारी, रविवार
आज उपासनेला चार नवीन मुलं. विशी-बाविशीतली, केस नीट विंचरलेले. मी नेहमीप्रमाणे दारावर, हातात रजिस्टर. "ये, बस" म्हणत चौघांना पहिल्या रांगेत नेलं. नवीन माणूस पुढे, आपण जुने मागे. कळव्यात हा हॉल भाड्याने घेतला तेव्हापासून मंडळीची हीच रीत.

पाळकसाहेब म्हणाले, "आज पहिल्यांदा आलेत त्यांनी उभं राहावं." चौघं लाजत उठली. मी दारातून सलाम म्हटलं, मग सगळ्या हॉलने. पहिला सलाम दारावरच्या माणसाचा.

त्यातला एक, रजिस्टरमध्ये नाव राहुल, तीन कप चहा प्यायला. "मावशी, आलं भारी टाकता." घरी येताना हे म्हणाले, "साळवेबाई, आज तुमचं दुकान जोरात."

९ फेब्रुवारी, रविवार
मुलं परत आली. परत पुढेच बसवली. ह्यांनी राहुलला पेटीचा भाता कसा मारायचा ते दाखवलं. चाळीस वर्षांत मला हात लावू दिला नाही त्या पेटीला.

डोंबिवलीहून शिल्पाचा फोन. "आई, कोण कुठली ते विचारलंस का? हल्ली काय काय ऐकू येतं." म्हटलं, चर्च आहे ते, सोसायटीचं गेट नाही. लेकीला जरा जास्तच झापलं.

१६ फेब्रुवारी
दवाखान्याच्या बाकावर. ह्यांना आत नेलंय. लिहिलं नाही तर वेड लागेल.

आज सहा होते. ती चार आणि आणखी दोन. मीच पुढे बसवले. मीच.

पाळकसाहेब म्हणाले नवीन आलेल्यांनी उभं राहावं, आणि सहाही उठले. मी हसले. म्हटलं, अरे, तुम्ही आता जुने झालात की. एकाने खुर्ची उचलली आणि पाळकसाहेबांच्या खांद्यावर घातली. "लोकांना बाटवता काय इथं?" मग खुर्च्याच खुर्च्या. बायका लेकरांना भिंतीशी दाबून उभ्या. जोसेफभाऊंचा कान फाटला. कोणीतरी पेटीवर लाथ घातली तर हे तिच्यावर आडवे झाले. राहुलने लाथेने निखळलेलं पेटीचं झाकण उचललं आणि ह्यांच्या तोंडावर मारलं. परत मारलं. छत्तीस वर्षं वॉर्डात काढली मी, हाड मोडल्याचा आवाज मला कोणी सांगायला नको.

मी ओरडले, "बस! बस कर!"
तो वळला. हसला. "आता नाय बसायचं, मावशी."

चहाची केटली स्टोव्हवर होती, उकळती. मी झाकण काढलं आणि त्याच्या मानेवर ओतली. सगळी. रागाच्या भरात असं आता सगळे म्हणतील. पण झाकण घट्ट बसतं त्या केटलीचं. काढायला वेळ लागतो.

१७ फेब्रु., सोम.
पोलीस येऊन गेले. रजिस्टरमधली नावं खोटी, पत्ते खोटे. राहुलच्या पत्त्यावर दुधाचं केंद्र आहे. चहाचं मी सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही.

हॉलच्या खालचे राणे काल ह्यांना उचलून रिक्षात घेऊन आले, शर्ट रक्ताने भरला त्यांचा. आज राणेवहिनींनी हॉल फिनेलने दोनदा धुतला. जाताना म्हणाल्या, "आमच्यातलीच पोरं असतील हो. लाज वाटते." मला त्यांचं सांत्वन करावं लागलं. मला!

२१ फेब्रु., शुक्र.
ह्यांचा जबडा तारेने बांधलाय, महिनाभर. पेज नळीने. बोलायचं ते पाटीवर. घरी आल्यावर पहिला प्रश्न: "पेटी?" म्हटलं, फुटली. पुसून दुसरा: "तो मुलगा भाजला का?"

म्हटलं, मेला असेल तर बरं. ह्यांनी पाटी उलटी ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं. दिवसभर तसेच.

२३ फेब्रु., रवि.
पाळकसाहेब गळ्यात हात बांधून उभे. म्हणाले, "दाराला कडी लावायची नाही. ज्या दिवशी लावू त्या दिवशी हॉलची किल्ली मालकाला देऊन टाकू." सगळे आमेन म्हणाले. मी नाही. प्रार्थनेत सगळ्यांचे डोळे मिटले तशी मी कडी लावली. पिशवीत घरून आणलेला बत्ता होता.

थोड्या वेळाने थाप. मी बत्ता काढला, विचारलं, "कोण?"
"अगं, मी. एस्तरबाई. काठी टेकत चढायचं म्हणजे उशीर होतोच."
ऐंशी वर्षांची बाई जिन्यात उभी. कडी काढली तेव्हा तिने आधी बत्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. एरवी माझा गालगुच्चा घेते. आज नुसती आत गेली.

२६ फेब्रु., बुध.
दुपारी बेल. एक बाई, पिठाचे हात पदराला पुसत. नाक्यावरच्या पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते म्हणाली.
"तुम्हीच टाकलात ना चहा?"
मी दार अर्धं लोटून घेतलं.
"मग तुम्हीच बघा आता. पोराची मान सडायला लागलीय. केस होईल म्हणून दवाखान्यात जात नाय. मी पाया पडणार नाय तुमच्या. पण तुम्ही नर्स होतात असं कळलं."

दार तोंडावर आपटलं. मग परत उघडलं, कारण मान सडणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. पत्ता घेतला. नाव राहुल नाहीच, मंदार.

२७ फेब्रु.
गेले. मंदार पालथा पडलेला, खोलीत वास. मला बघून भिंतीला सरकला.

मानेपासून खांद्यापर्यंत. कुठली तरी हिरवी पावडर लावलेली, वर सुती कापड, ते जखमेत रुतलेलं. असं कापड सलाईनने भिजवायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग अलगद सोडवायचं. शिकाऊ मुलींना मी हेच शिकवलं, चुकल्या तर रडवलं.

मी भिजवलं नाही. कोरडंच धरलं आणि ओढलं.

तो किंचाळला तेव्हा मला बरं वाटलं. हे इथे लिहिलंच पाहिजे, नाहीतर ही वही कशाला? बरं वाटलं. दुसरं टोकही तसंच ओढलं. त्याची आई दारात उभी होती, तिला कळलं. तोंडावर पदर धरला, पण मला थांबवलं नाही.

मग सलाईन काढली. जखम स्वच्छ केली, मलम, गॉज. हात आपोआप चालतात.

तो उशीत तोंड खुपसून म्हणाला, "काका जेवतात का?"
"नळीने."


२८ फेब्रु.
ह्यांना सगळं सांगितलं. कोरडं ओढल्याचंही. ह्यांनी पाटी पुसली. मग: "उद्या भिजव."

४ मार्च
रोज जाते. रोज भिजवते. दहा मिनिटं थांबायचं म्हणजे दहा मिनिटं त्याच्या मानेकडे बघायचं. आज त्याने सांगितलं, कोणीतरी व्हिडिओ दाखवला, म्हणाले इथे पोरींना फसवतात, तुम्ही आधी दोनदा जाऊन बघून या. "तुम्ही चहा दिलात, तर ते बोलले, तसंच करतात हे लोक, आधी गोड बोलतात." मी विचारलं, मग तुला काय वाटलं? म्हणाला, "आलं भारी होतं."

इतका राग आला की बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिले.

११ मार्च
जखम भरतेय. खूण राहणार. पाळकसाहेबांना आज सांगितलं तो कोण आणि कुठे राहतो. ते म्हणाले, "पोलिसांत नाव द्यायचं का, हे साळव्यांनी ठरवायचं. तोंड त्यांचं फुटलंय." ह्यांनी लिहिलं: "तार निघाली की मी स्वतः बोलेन." काय बोलणार, ते नाही लिहिलं. गुरुवारी, वीस तारखेला तार निघेल.

१६ मार्च, रविवार
हे आज पहिल्यांदा उपासनेला. पहिल्या रांगेत, फुटक्या पेटीशेजारी. मी दारावर. कडी लावली नव्हती, बत्ता मात्र पिशवीत.

दुसरं गीत चालू असताना मंदार आला. एकटा. कॉलर वर केलेली. मी रजिस्टर पुढे केलं. त्याने खरं नाव लिहिलं, खरा पत्ता. पहिल्या रांगेत एकच खुर्ची रिकामी होती, ह्यांच्या बाजूची. तो माझ्याकडे बघत राहिला. मी नेलं नाही आणि अडवलंही नाही. तो स्वतः जाऊन बसला. तेव्हा लोकांनी ओळखलं. गाणं मध्येच तुटलं. एस्तरबाईंनी पुढची कडवी एकटीने म्हटली, चिरक्या आवाजात, शेवटपर्यंत.

पाळकसाहेबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग नेहमीचंच वाक्य: "आज पहिल्यांदा आलेत त्यांनी उभं राहावं."

मंदार उठला.

लेकरं रडायला लागली. जोसेफभाऊंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. हे पुढेच बघत होते. सगळा हॉल माझ्याकडे वळला, कारण पहिला सलाम माझा. तो म्हटल्याशिवाय कोणी म्हणत नाही.

मी तोंड उघडलं. "बस," म्हटलं.

एवढंच निघालं. सलाम नाही. तो थोडा वेळ उभा राहिला, मग बसला. पाळकसाहेबांनी पवित्र शास्त्र उघडलं.

घरी आल्यावर ह्यांनी पाटी मागितली. लिहिलं: "बस म्हणजे कुठलं? बैस, की पुरे?"

मी पेज गाळायला उठले. परत आले तर पाटी तशीच माझ्या खुर्चीवर ठेवलेली, खडू सोबत.