मागचे दोन आकडे

५ जून
खोली मिळाली, आणि तीही खिडकीवाली. टेबल, दोन खुर्च्या, कपाट. आणखी काय हवं? घरमालकीणबाई बोलक्या आहेत. म्हणाल्या, इथे राहिलेल्या प्रत्येकाला नोकरी लागलीच, मात्र मागे राहिलेलं सामान न्यायला कोणी फिरकलं नाही. कपाटाचा खालचा कप्पा त्या जुन्या भाडेकरूंच्या घरच्यांच्या फोटोंनी भरलाय. मला वरचा पुरे.

कोडिंगची मुलाखत याच महिन्यात आहे. नोकरी लागली की ठकीला आणायचं. लेक सहा वर्षांची, सध्या माझ्या दादा-वहिनीकडे. वहिनीने बजावलंय, पोरीची काळजी सोड आणि डोकं चालव.

७ जून
सरावाचे सोपे प्रॉब्लेम संपले, आता मीडियम. नावालाच मीडियम, घाम फोडतात. आजचा असा: ओळीने घरं आहेत, चोराने शेजारशेजारची दोन फोडायची नाहीत, तर जास्तीत जास्त लूट किती? इमानेइतबारे चोराचे हिशेब करत बसले. मुलाखतीत विचार मोठ्याने बोलून दाखवावा लागतो, म्हणून समोरच्या रिकाम्या खुर्चीला सांगत होते, की प्रत्येक घरापाशी किती जमलं ते साठवून ठेवायचं. खुर्चीतून कुणीतरी विचारलं, एवढं सगळं लक्षात ठेवायची गरज आहे का?

एकटीने बडबडलं की असं होणारच. पण प्रश्न बिनतोड होता. मागच्या दोन घरांचे आकडे पुरतात, बाकीचे पुसले तरी उत्तर तेच.

१० जून
खुर्चीतलं ते आता रोज विचारतं. आवाज मऊ, समजूतदार. आणि मी सुसाट सुटलेय. तासाभराचे प्रॉब्लेम चहा निवायच्या आत सुटतात. एकाच गोष्टीने धास्तावलेय. आज ह्यांचा चेहरा आठवेना. फोटो काढून पाहिला. कुणीतरी सभ्य गृहस्थ. नवरा गेलाय माझा, रडू यायला हवं होतं. आलं नाही, आणि मग त्याचंच रडू आलं.

१३ जून
खुर्ची जिन्यात नेऊन ठेवली. परत आले तर टेबलाशी. तिच्याकडे पाठ करून बसले, तर पहिली ओळही सुचेना. खोली सोडली तर नोकरी गेली, आणि ठकीही. मग पुन्हा तिच्याकडे तोंड केलं. म्हटलं, माझ्या डोक्यातलं काय हवं ते पुसून टाक, पोरीला सोडून. आणि पुढचा प्रॉब्लेम उघडला.

१६ जून
वहिनीचा फोन. ठकीला ताप आहे, मागे कुठलं औषध मानवलं होतं म्हणून विचारत होती. मला — कालची ठकी आठवते, फोनवरची. परवाचीही. त्यामागे काही नाही. तिचा जन्म — ती रांगली असेलच ना —

१९ जून
मुलाखत झाली. इतका स्वच्छ विचार क्वचित दिसतो म्हणाले. नोकरी लागली. दादाला कळवलं, तो फोनवर रडायला लागला. का ते —

२१ जून
एक माणूस मुलीला सोडून खाली सामान आणायला गेलाय. ती मला आई म्हणते. वही वाचली — ही ठकी असणार. तिला मिठी मारली. ती बाजूला झाली, माझ्याकडे बघत राहिली.

समोरच्या खुर्चीत बसलीय. विचारतेय, माझं शाळेतलं नाव सांग. वहीत सगळीकडे ठकीच — दुसरं कुठेच — पहिलं अक्षर तरी —

हळूच म्हणाली, चुकलं तरी चालेल आई, तू फक्त —