बिनखंडाची भातजमीन

मी, सुमती श्रीपाद ओगले, वय ७८, निवृत्त शिक्षिका, राहणार कोपरी, ठाणे (पूर्व), हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे. तसं डॉक्टरांनी खाली नमूद केलं आहे. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. कोपरीची सदनिका मुलगा साकेत व मुलगी देवयानी यांना निम्मी-निम्मी. बँकेतल्या ठेवी देवयानीला. साकेतने यावरून भांडू नये.

२. तांब्याचं घंगाळही देवयानीला. धाकटे दीर गुरुदत्त ते दर दिवाळीत मागतात. त्यांना देऊ नये. त्यांनी आमच्या शेताशेजारचा आपला वाटा विकला. घेणाऱ्याने गोदामासाठी पुरुषभर उंच भराव टाकला, तेव्हापासून आमच्या शेतातलं पाणी निघत नाही. मी अर्ज केले, कचेरीत खेटे घातले. भावजींना विचारलं, तर म्हणाले, "वहिनी, पाण्याला मी काय करू?"

३. मानपाड्यापलीकडची दीड एकर भातजमीन. माझ्या यजमानांमागे ती माझ्या एकटीच्या नावे आहे. मारुती गायकर आणि विमलाबाई हे जोडपं ती आमच्याकडून खंडाने कसत आलं. खंडाचा चार पोती तांदूळ यायचा. मजुरी, खत, ट्रॅक्टरचं भाडं चढत गेलं, तशी मी दोन पोत्यांवर आले. पुढे काहीच नको म्हटलं. यंदा कापणीच्या तोंडावर भात पाण्यात आडवा झाला, लोंब्यांना कोंब फुटले. दिवाळीनंतर दोघं घरी आली.

"बाई, जमीन सोडतो आता," मारुती म्हणाले.

"अहो, मी खंड कुठे मागते?"

"फुकट दिलीत तरी भात परवडत नाय. लावणीला मानूस गावत नाय. त्यापरीस तांदूल इकत घेतलेला सस्ता."

साकेत तिथेच होता. "आई, शेजारचा गोदामवाला महिन्याला जेवढं भाडं देऊ म्हणतोय, तेवढं भातातून वर्षाला निघत नाही."

मी आयुष्यभर गणित शिकवलं. ताळा करून पाहिला, बरोबर होतं.

मग मी मारुतींना म्हटलं, "जमीन तुमच्याच नावाने ठेवते."

विमलाबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. ते म्हणाले, "नको. आमचा पोरगा संदेश दुसऱ्या दिवशी गोदामाला देल. त्यो भराव माझ्या नावावर नको."

सबब, जमीन साकेतला देत आहे. तिथे भातच पिकवावं अशी अट घालणार होते. वकील म्हणाले, "घाला, पण पिकवणार कोण?" अट घातलेली नाही.

४. या मृत्युपत्राची अंमलबजावणी देवयानीने करावी. माझ्या पिंडाला लागेल तो तांदूळ दुकानातून आणावा.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

सुमती श्रीपाद ओगले
कोपरी, ठाणे (पूर्व)
१४ डिसेंबर २०२४

साक्षीदार:
१) डॉ. हेमांगी रेगे, कोपरी. सुमतीबाईंना तपासले; त्या पूर्ण शुद्धीत आहेत.
२) मारुती गायकर, मानपाडा. या मृत्युपत्रान्वये यांना काहीही मिळत नाही.